घोटा मुरगळला: कच्चं, पक्कं की फायबरचं प्लास्टर?

कोकणात पाऊस लागला, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं की घोटे मुरगळायला लागतात. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे. हाड शाबूत निघालं की बहुतेकांना क्रेप बँडेज मिळतं. लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) जबर दुखावलं असेल तर ते अपुरं पडतं. २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या इंग्लंडमधल्या ५८४ रुग्णांच्या चाचणीत दाबपट्टी (क्रेपसारखाच दाब देणारी, नळीसारखी चढवायची पट्टी) सर्वांत मागे राहिली आणि महागडा वॉकर बूटही तिच्यापेक्षा सरस ठरला नाही. गुडघ्याखालचं प्लास्टर १० दिवस घातलेले तीन महिन्यांनी पुढे होते. नऊ महिन्यांनी सगळे सारखेच. दुखणं लवकर आटोपायचं असेल तर प्लास्टर, एवढाच त्याचा अर्थ.

पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचं नेहमीचं पांढरं प्लास्टर (पायाभोवती पूर्ण गुंडाळलं की ‘पक्कं’), स्वस्त, पायावर छान बसतं, पण पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस, आषाढात त्याहून जास्त. तोवर भार दिला की टाचेखाली पिचलंच. पट्टीचं पाकीट फाटकं असेल तर घेऊच नये: दमट हवेतला ओलावा तिने आधीच ओढलेला असतो, मग ती नीट आळत नाही, भुरभुरते. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरलं तर उलट भराभर आळते, पाय काटकोनात आणायलाही सवड मिळत नाही.

फायबर हलकं, तासाभरात भार पेलतं. ‘पाणी लागलं तरी चालतं’ हे मात्र अर्धंच खरं. वरचं कवच भिजत नाही, आतला कापूस भिजतो आणि पावसाळ्यात वाळत नाही. कातडी पांढरी पडते, वास मारतो. न्हाणीत पिशवी बांधावीच लागते. शिवाय सुजेला ते जागा देत नाही. म्हणून पहिले तीन-चार दिवस कच्चं प्लास्टर (पूर्ण न गुंडाळता एका बाजूने ठेवून वर बँडेज बांधलेलं), सूज ओसरली की फायबर, हाच क्रम आमच्या पसंतीचा. काढता-घालता येणारा दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा ब्रेसही चाचणीत प्लास्टरच्या जवळपास पोचला. रोज आंघोळ हवीच असेल त्यांनी तो घ्यावा.

घालून झाल्यावर तिथेच बघा: बोटं उघडी, घोट्याच्या दोन्ही हाडांवर व टाचेला जादा कापूस, आणि वरची कड गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्याखाली किमान दोन बोटं. तिथली नस दाबली गेली तर पाऊल लुळं पडतं.

बोटं निळी, बधिर, किंवा पाय उशीवर ठेवूनही ठणका वाढता असेल तर रात्रीच जाऊन प्लास्टर कापून घ्या. पोटरी दुखून दम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा गावातल्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट मोठं हॉस्पिटल गाठा.