घरपोच फिजिओथेरपीचं पॅकेज: पैसे भरण्याआधी हे वाचा

आईच्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात झालं. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी एकाने गाठलं. गळ्यात आयकार्ड, हातात फाईल. कुणालाही हॉस्पिटलचाच माणूस वाटावा. "काकूंना ओपीडीत कुठे नेताय टॅक्सीने? आमचे डॉक्टर घरी येतील." वीस सिटिंगचं पॅकेज, सगळे पैसे आगाऊ. आजच भरले तर डिस्काउंट.

घरी आला तो एक पोरगा. मशीनचे पॅड गुडघ्याला चिकटवायचा आणि मोबाइलवर रील बघत बसायचा. मशीन थांबलं की "बरं वाटतंय ना आजी?" म्हणून पसार. दोन दिवस यायचा, चार दिवस गायब. टाच गादीवरून ओढत गुडघा वाकवणं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन तो पूर्ण सरळ करणं, मांडी आवळून धरणं, जिना चढणं-उतरणं, यातलं काहीच नाही. खरं काम या व्यायामांनी होतं. मशीन फार तर दुखणं थोडं कमी करतं. आई कण्हली की "राहू द्या, सूज आहे." आईलाही तेच हवं होतं म्हणा!

सहा आठवड्यांच्या तपासणीत सर्जननी कोन मोजला. गुडघा जेमतेम साठ अंश वाकत होता. खुर्चीतून नीट उठायलाच नव्वदच्या आसपास लागतात. असाच आखडला तर भूल देऊन वाकवावा लागेल, म्हणाले.

पैसे परत मागितल्यावर पॅकेजवाल्यांनी हजेरीचा कागद पुढे केला. वीसच्या वीस ओळींवर आईची सही! "ऑफिसला लागतं, आजी" म्हणून पोराने पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवलेल्या. विम्याचा क्लेमही अडला, कारण बिलावर फिजिओचा नोंदणी क्रमांक नव्हता. असणार कुठून, पोरगा फिजिओ नव्हताच. हॉस्पिटलने हात वर केले: तो माणूस आमचा नाही.

महाराष्ट्रात फिजिओंची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे होते. त्यासाठी 2002 चा कायदा आहे. आधी नंबर मागा, पडताळा, मग घरात घ्या. पैसे ज्या त्या सिटिंगचे, सही ज्या त्या दिवशी. आणि फिजिओ ऑपरेशनच्या आधीच ठरवा. डिस्चार्जच्या गडबडीत कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं, हे या मंडळींना पक्कं ठाऊक असतं.

ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. आई आता पालिकेच्या हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपी ओपीडीत जाते. रांग असते, पण तिथली मुलगी आईच्या कण्हण्याला भीक घालत नाही.