एनसीक्यू (डिस्कची कमांड रांगेत लावण्याची सोय) बंद करायचं की बग शोधायचा?
दादरला मित्राच्या लिनक्स मशीनवर मोठी फाइल कॉपी करताना डिस्क अडकायची; लॉगमध्ये ‘हार्ड रिसेटिंग लिंक’च्या (डिस्कशी जोडणी पुन्हा सुरू करण्याच्या) ओळीच ओळी. केबल बदलली, तरी तेच.

बूटच्या ओळीत (मशीन सुरू होताना लिनक्सला दिलेल्या सूचनांत) एनसीक्यू बंद करणं दोन मिनिटांचं काम. पण ३२ पर्यंत कमांड रांगेत घेऊन डिस्कवर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडची धावपळ वाचवणारी सोय जाते, आणि बग डिस्क हाताळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये तसाच राहतो.

जुनं कर्नल (लिनक्सचा गाभा) नीट चालत असेल, तर मला गिट बायसेक्टच पटतं: कोडमधल्या बदलांची यादी दर फेरीला निम्मी करत दोषी बदल शोधायचा. १००० कमिट (नोंदवलेले बदल) असले तरी साधारण १० फेऱ्यांत बिघडवणारा कमिट हाती लागतो. प्रत्येक फेरीला कर्नल बिल्ड, रिबूट, पुन्हा तीच कॉपी. अख्खा रविवार जातो, पण कर्नलची देखभाल करणाऱ्यांना नेमका कमिट दाखवता येतो, दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोहोचते.

बॅकअप मात्र दोन्हींच्या आधी!