जांभ्याखालची माती आणि टेबलावरचं एक्सआरडी : आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत रत्नागिरीतल्या आमच्या लॅबमध्ये ६०० वॅटचं छोटं एक्सआरडी (क्ष-किरण टाकून भुकटीतली खनिजं ओळखणारं यंत्र) आलं. तेव्हापासून जांभ्याखालच्या पिवळसर पांढऱ्या मातीचे नमुने मी त्यावर लावतोय. मध्ये अख्खा पावसाळाही गेला.

केओलिनाइट (चिनी मातीचं थराथरांचं खनिज) आहे की नाही एवढंच बघायचं असेल, तर काम झटपट होतं. क्ष-किरणांची ट्यूब तांब्याची असेल तर आलेखात १२.४ अंशांच्या कोनाला शिखर उभं राहतं; थरांमधलं ७.१६ आंगस्ट्रॉमचं (आंगस्ट्रॉम म्हणजे अणूच्या मापाचं एकक) अंतर ते दाखवतं. मला मात्र थरांचा विस्कळीतपणा बघायचा होता. थर एकमेकांवर आडवे सरकले तरी त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं, म्हणून हे शिखर त्याबद्दल फारसं काही सांगत नाही. बघायचं ते २० ते २२ अंशांत. नीट रचलेल्या केओलिनाइटची शिखरं तिथे सुटी सुटी दिसतात. विस्कळीत असेल तर ती एकमेकांत मिसळून एकच उतरण होते. हिंकली इंडेक्स, म्हणजे रचना किती नीट आहे ते सांगणारा आकडा, याच शिखरांच्या उंचींवरून काढतात; तो जितका मोठा, तितकी रचना नीट.

इथेच आपल्या मातीने मला दोन महिने फसवलं. इंडेक्स सारखा १ च्या वर येत होता आणि रचना उत्तम आहे म्हणून मी खूश होतो. जांभ्यातल्या गोएथाइट या लोहखनिजाचं सर्वांत मोठं शिखर २१.२ अंशांवर, म्हणजे केओलिनाइटच्या शिखराच्या बरोबर डोक्यावर बसतं, हे लक्षातच आलं नाही. डायथायोनाइट-सायट्रेटच्या रसायनाने लोह विरघळवून काढलं, पिवळी भुकटी पांढरी पडली आणि तोच नमुना पुन्हा लावला. इंडेक्स निम्म्यावर आला. कोबाल्टची ट्यूब लावली तर लोहामुळे वर चढलेली आलेखाची पार्श्वभूमी खाली येते, गोएथाइट मात्र केओलिनाइटच्या डोक्यावरून हलत नाही. वाळू राहिली असेल तर क्वार्ट्झही २०.८५ ला मध्येच डोकं काढतं.

भुकटी वरून काचेने दाबू नका. पापुद्रे आडवे झोपतात, १२.४ चं शिखर ताडासारखं वाढतं आणि हवा तो भाग खुजा होतो. बाजूने भरायचा होल्डर सुरुवातीलाच मागून घ्या.

जुलैत चिलरचं (ट्यूब थंड ठेवणाऱ्या यंत्राचं) पाणी जास्त गार ठेवल्याने ट्यूबच्या घरावर दव धरलं आणि मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाले तीन आठवड्यांनी आले, याचा राग अजून आहे. आता पाणी खोलीच्या दवबिंदूच्या वर ठेवतो आणि डिह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू असतो.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर हेच घेईन, पण मे महिन्याच्या आत डिह्युमिडिफायर बसवूनच.