आर की पायथन? मधुमेहाचा मध झाला तेव्हा

आरोग्याच्या नोंदी, नगरनियोजनाचे नकाशे आणि जुना मराठी मजकूर अशा तीन दगडांवर पाय ठेवून काम करायचं, तर आर आणि पायथन यांपैकी कोणती प्रोग्रॅमिंग भाषा धरावी? मी दोन्हींत बऱ्याच रात्री जागवल्यात. तुम्हाला लूप आणि फंक्शन माहीत आहेत असं धरून चालतो.

आरोग्यात आरचं पारडं थोडं जड वाटतं. ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या संख्याशास्त्र्यांनीच ती घडवली, तो वारसा दिसतो. रुग्ण किती काळ जगला याचा हिशोब करणारं 'सर्व्हायव्हल' पॅकेज (म्हणजे तयार फंक्शन्सचा संच) आरसोबतच येतं. पायथनमध्ये त्याच कामाचं 'लाइफलाइन्स' वेगळं बसवावं लागतं. बसवायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे तक्रार नाही.

नकाशांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. प्रभागांच्या हद्दींना 2011च्या जनगणनेचे आकडे जोडणं आरच्या 'एसएफ'मध्येही जमतं आणि पायथनच्या 'जिओपांडाज'मध्येही. शेपफाइल, म्हणजे नकाशाच्या हद्दी आणि त्यांचा तक्ता साठवणारी फाइल, मात्र दोघांनाही सारखीच छळते. स्तंभाच्या नावाला 10 बाइट मिळतात. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन लागतात, म्हणजे 'लोकसंख्या'मधलं 'लोक' तेवढं बसतं.

माझा निकाल लागला तो मजकुरावर. गावोगावच्या आरोग्य नोंदींतली मराठी टिपणं होती आणि कोणता आजार किती वेळा येतो ते मोजायचं होतं. पायथनच्या सायकिट-लर्न या पॅकेजमधलं शब्द मोजणारं तयार साधन लावलं. यादीत 'ताप' कुठेच नाही. 'खोकला'च्या जागी 'कल'. आणि 'मध' भरपूर! अर्धा दिवस मी समजत होतो की लोक खोकल्यावर मध चाटतायत. मग लक्षात आलं, तो 'मधुमेह' होता. पायथनचं मजकुरात नमुने शोधणारं नेहमीचं मॉड्यूल 'री' काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना अक्षरात धरतच नाही. उकार आला की शब्द तुटतो. वर ते साधन एका अक्षराचे तुकडे टाकून देतं, म्हणून 'ताप' साफ उतरला.

उपाय आहे. 'रेजेक्स' हे वेगळं मॉड्यूल वापरा किंवा शब्दाची व्याख्या स्वतः लिहा. पण एरर न देता चुकणारं साधन मला भीती घालतं. तीच टिपणं आरच्या 'स्ट्रिंगर' या मजकुराच्या पॅकेजला दिली, तर पहिल्याच फटक्यात 'मधुमेह' अख्खा आला, कारण त्याच्या पोटात आयसीयू (दवाखान्यातलं नव्हे, जगभरच्या लिपी हाताळणारी लायब्ररी) आहे आणि ते काना-मात्रांना शब्दाचाच भाग मानतं. आलेखावर मराठी नावं छापतानाही आरच्या 'रॅग' पॅकेजने वेलांटी जागेवर ठेवली. माझ्याकडच्या मॅटप्लॉटलिबमध्ये, म्हणजे पायथनच्या आलेख काढणाऱ्या पॅकेजमध्ये, ती अक्षराच्या पलीकडे जाऊन बसायची.

आरचे एरर संदेश वैताग आणतात, हे कबूल. मोडी कागदांची छायाचित्रं यंत्राकडून वाचून घ्यायची असतील किंवा न्यूरल नेटवर्क लागणार असेल, तर मीही पायथनच उघडतो. तिथे आरचा हट्ट धरू नये. तुमचं काम तसंच असेल तर कदाचित तुमचा कौल वेगळा लागेल. माझं निम्मं काम टिपणांतलं आहे, त्यामुळे सकाळी आधी आरस्टुडिओ, म्हणजे आर लिहायचं सॉफ्टवेअर, उघडतो. पायथनमध्ये काही मोजायचं झालंच, तर पहिली ओळ 'मधुमेह'ची टाकून बघतो.