फॉइल, एम्बॉसिंग की स्पॉट यूव्ही? आधी कागद बघा

छपाईनंतरच्या सजावटीच्या, म्हणजे फिनिशिंगच्या, नमुन्यांचा गठ्ठा समोर आला की सगळंच करून घ्यावंसं वाटतं. माझं सांगणं एवढंच, की आधी ज्यावर छापायचंय तो कागद हातात घ्या. अर्धा निर्णय तिथेच होतो.

स्पॉट यूव्ही म्हणजे ठरावीक जागीच दिलेलं चकचकीत वार्निश, अतिनील प्रकाशात लगेच वाळणारं. ते खरं खुलतं मॅट लॅमिनेशनवर, म्हणजे कागदावर चिकटवलेल्या बिनचमकीच्या प्लास्टिकच्या थरावर. काळं मॅट कव्हर दिव्याखाली जरा तिरकं धरा: समोरून जेमतेम जाणवणारी अक्षरं ओली असल्यासारखी चमकून उठतात. मला आजही हा परिणाम सगळ्यात देखणा वाटतो. पण खाली ग्लॉस लॅमिनेशन असेल तर यूव्ही दिलंय हे फारसं कळतही नाही, आणि अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेला, कागद ते पिऊन टाकतो. बारीक मजकुरावर तर देऊच नका. रजिस्ट्रेशन, म्हणजे छपाईवर यूव्हीची जुळणी, केसभर हललं तरी अक्षराला दुहेरी कड येते आणि वेलांट्या-मात्रा गढूळ दिसतात.

गडद रंगाच्या कागदावर सोनेरी नाव हवंय? मग फॉइल. ऑफसेटची (नेहमीच्या छपाईची) शाई बरीचशी पारदर्शक असते, गडद कागद तिला गिळतो. फॉइलमध्ये शाई नसतेच. तापलेला ब्लॉक (ठसा) धातूचा पातळ थर कागदावर दाबून चिकटवतो, म्हणून खालचा रंग वर येत नाही. खरखरीत कागदावर मोठा भरीव भाग मात्र ठेवू नका, मध्येमध्ये ठिपके सुटतात. जोडाक्षरांतल्या अरुंद फटीही बुजतात, तेव्हा टाइप जरा मोठा आणि मोकळा घ्या.

एम्बॉसिंगला, म्हणजे कागद दाबून आकार वर उठवायला, जाड, लांब तंतूंचा कागद लागतो. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) कॉटन कागदावर रंगाशिवाय उठवलेलं साधं चिन्ह अंगठ्याखाली जाणवतं, तेव्हा फॉइलची आठवणही येत नाही. व्हिजिटिंग कार्डासाठी माझी पहिली पसंती हीच. अडचण पाठीमागची: वर जे उठतं ते मागे खोल दिसतं. दोन्ही बाजूंना मजकूर असेल तर हा नाद सोडा.

प्रती थोड्या असतील तर फॉइलचा ब्लॉक आणि एम्बॉसिंगचा डाय (साचा) यांचा खर्च प्रत्येक प्रतीवर जड जातो. तेव्हा ब्लॉकशिवाय होणारं डिजिटल फॉइल किंवा डिजिटल यूव्ही बघा.

घडीच्या रेषेवर यूव्ही किंवा फॉइल अजिबात नको. तिथे ते तडकतं आणि कागदाचे पांढरे तंतू दिसू लागतात. पुस्तकाचा कणा ही नेहमी फसणारी जागा. गडद मॅट लॅमिनेशनवर नखाचा ओरखडाही उठून दिसतो, हातोहात फिरणाऱ्या कॅटलॉगला ते महागात पडतं.

फाइल देताना फिनिशिंगचा भाग वेगळ्या लेयरवर, व्हेक्टरमध्ये (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेल्या आकारांत), १०० टक्के काळ्यात ठेवा. आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष कागदावरचा एक नमुना मागून घ्या, दोन दिवस बॅगेत टाकून वापरा, मग त्याचे कोपरे आणि घडी बघा.