लोखंड की कॅमेरा? गोव्यातील बंद घरासाठी खर्च कुठे करावा

चवथीच्या आठवड्यात म्हापसा, फोंडा, वास्को येथील फ्लॅट बंद होतात आणि गावातील मूळ घरे उघडतात. वर्षाचे उरलेले दिवस नेमके उलटे असते. घरफोडीपासून बचावासाठी पैसे बाजूला काढणाऱ्या बहुतेक कुटुंबांसमोर म्हणूनच एक नव्हे, दोन घरे असतात आणि दोन्हींसाठी एकच उपाय घेतला की त्यातील एक खर्च हमखास वाया जातो. कुलूप, ग्रील आणि कोयंडा यांवर खर्च करावा की कॅमेऱ्यावर, हा प्रश्न त्या दृष्टीने तपासला पाहिजे.

आमचे पेडणे तालुक्यातील घर फोडले गेले तेव्हा कुलूप चांगले महागाचे होते. सकाळी ते पायरीवर सापडले, बंदच्या बंद, कोयंड्यासकट. फणसाच्या जुन्या चौकटीत अर्ध्या इंचाचे चार स्क्रू बसवलेले होते, त्याखालचे लाकूड वाळवीने पोखरलेले होते आणि पहारीच्या एका हिसक्यात सगळे बाहेर आले होते. गेले ते न्हाणीतले तांब्याचे भाण आणि देवघरातील दोन समया. ‘कडी-कोयंडा तोडून’ हे वर्तमानपत्रांतील ठरीव शब्द किती अचूक आहेत, हे त्या दिवशी कळले. तेव्हापासून माझे मत असे की कुलपाच्या किमतीपेक्षा कोयंडा कशाने धरला आहे ते आधी पाहावे. दाराच्या आरपार जाणारे बोल्ट आणि आतून नट-वॉशर, हे काम सुतार अर्ध्या दिवसात करतो आणि त्याला फारसा खर्च येत नाही. दार बाहेर उघडणारे असेल तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेर राहतात, म्हणजे कुलपाला हात न लावताही पाखे काढता येतात. त्या पिनांची टोके वेल्ड करून घ्यावीत. घरात माणसे असताना मात्र जुन्या लाकडी अडसराला आजही तोड नाही.

कॅमेऱ्याचे काम वेगळे आहे. तो चोराला अडवत नाही. तो पाहतो आणि कुणाला तरी सांगतो. मोबाइलवर सूचना आल्यावर दहा मिनिटांत दारात पोहोचू शकेल असा माणूस नसेल, तर कॅमेरा केवळ साक्षीदार उरतो. साक्षीदाराचेही मोल आहेच, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे चित्रणाची प्रत पुरावा म्हणून दाखल करताना सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे कॅमेरे बसवणाऱ्याकडून पावती आणि यंत्राचा तपशील लेखी घेऊन ठेवावा. चित्रण साठवणारी डीव्हीआरची पेटी टीव्हीखाली ठेवू नये. जाणते चोर जाताना तीच उचलून नेतात.

पावसाळ्यात दोहोंची खरी परीक्षा होते. जून ते सप्टेंबर या काळात लोखंड गंजते, विशेषतः किनाऱ्यालगतच्या गावांत, आणि ग्रीलला रेड ऑक्साइड व रंग नियमाने द्यावाच लागतो. पण गंजू लागलेली सळीही बरीच वर्षे सळीच राहते. कॅमेऱ्याचे तसे नाही. वीज गेली की राऊटर बंद पडतो आणि छोटा इन्व्हर्टर नसेल तर सर्वाधिक गरजेच्या रात्री पडदा काळाच दिसतो. शिवाय रात्रीच्या अवरक्त प्रकाशाजवळ किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, भिंगासमोर जाळे विणतो आणि वाऱ्याने जाळे हलले तरी मोबाइल वाजतो. आठवडाभर हे सोसल्यावर माणूस सूचनाच बंद करून टाकतो. बंद घराचा तो कोळी पुसायला कोण जाणार, हा प्रश्न विक्रेता विचारत नाही.

दार उघडताच भोंगा वाजवणारा चुंबकीय सेन्सर या दोहोंच्या मधला आहे आणि तो स्वस्तही पडतो. इमारतीत तो उत्तम चालतो, कारण जिन्यातील शेजारी लगेच दार उघडतात. माडांच्या बागेत एकट्या उभ्या घरात तो कुणी ऐकणार नाही.

म्हणून फ्लॅटसाठी माझा कौल कॅमेरा आणि भोंग्याकडे जातो. तेथे वाट बहुधा एकच, मुख्य दाराची असते, वीज तुलनेने भरवशाची असते आणि सूचना मिळताच खालच्या मजल्यावरच्या माणसाला फोन करता येतो. तळमजल्यावर किंवा गच्चीला लागून असलेल्या फ्लॅटला ग्रील हवीच. मात्र तिची एक खिडकी आतून उघडणारी ठेवावी, कारण आग लागली तर बाहेर पडायची तीच वाट असते.

गावच्या घराला मात्र आधी लोखंड. तेथे वाटा अनेक: मागीलदार, न्हाणीची खिडकी आणि सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे छप्पर. मंगळुरी कौले नुसती रिपांवर बसवलेली असतात. चार कौले सरकवली की माणूस उतरण्याएवढी जागा होते आणि आवाजही होत नाही. वाशांखाली वेल्डेड जाळी मारून घेणे हे खर्चिक काम आहे, पण निदान देवघर आणि कोठीची खोली एवढ्यापुरते तरी ते करावे. त्यानंतर पैसे उरले तर कॅमेरा, तोही मागीलदाराकडे तोंड करून. बहुतेक जण तो अंगणाकडे लावतात, जिथे दिवसाही शेजाऱ्यांचे लक्ष असतेच.

सोने कोणत्याही घरात ठेवू नये, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार बँकेत चोरी झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते, हे ध्यानात घेऊन दागिन्यांचा वेगळा विमा काढता येतो. घराच्या विम्याबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो: ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, वादळ, पूर यांसाठी आहे, अशी दुर्घटना घडल्यानंतर सात दिवसांत झालेली चोरी तीत येते, निव्वळ घरफोडी येत नाही. घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते आणि ते घेताना घर सलग किती दिवस बंद राहिलेले चालते, ही अट वाचल्याशिवाय सही करू नये. वर्षातून दोनदाच उघडणाऱ्या घराचा दावा बहुधा तिथेच अडतो.