क्लास २ चे (मध्यम दाबाचे) कॉम्प्रेशन मोजे, गुडघ्यापर्यंतचे – ५ पैकी ३ स्टार

सासूबाईंचा गुडघा बदलला, सांधा मस्त बसला, पण घरी आल्यावर त्याच पायाची पोटरी टणक आणि गरम लागायला लागली, कलर डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला तर खोल शिरेत रक्ताची गुठळी. तेव्हापासून हे मोजे वापरतोय.

आधीच सांगते, मोज्यांनी गुठळी जात नाही, दुकानात काहीही सांगू देत. खरं औषध म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि त्यासुद्धा गुठळी विरघळवत नाहीत, फक्त वाढू देत नाहीत, बाकीचं काम शरीर आपलं आपण सावकाश करतं. आईंना रिव्हरोक्साबॅन दिलीये, पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा आणि मग २० ची एकदा, तीही भरल्या पोटीच, उपाशीपोटी नीट लागू पडत नाही (एकादशीला यावरून घरात केवढं रामायण!). ऑपरेशनमुळे झालेल्या गुठळीला साधारण ३ महिने गोळ्या चालतात म्हणे. वॉर्फरिन या जुन्या गोळीसारखं सारखं आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तपासत बसायला लागत नाही, पालक-मेथीचं पथ्य नाही, हे फार बरं. फक्त गुडघा दुखला म्हणून मनाने ब्रुफेन, डायक्लोफिनॅक घ्यायचं नाही, रक्तस्राव होऊ शकतो.

मग मोजे कशाला, तर सुजेला. संध्याकाळी पाय जड व्हायचा तो खरंच कमी झालाय. पण माप सकाळी उठल्या उठल्या घ्या, घोट्याच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक तिथे आणि पोटरी सगळ्यात जाड तिथे, आणि सूज उतरली की परत घ्या, नाहीतर मोजा नुसता घसरतो. डायबेटिस असेल तर पायाच्या धमन्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घालूच नका.

दोन स्टार कापले कारण घालणं म्हणजे कुस्ती आहे. आईंना एकटीने अजिबात जमत नाही, मोजा उलटा करून टाच आधी बसवायची आणि मग वर सोडवत न्यायचा, तेही अंथरुणातून उठायच्या आधी. वरची पट्टी उन्हाळ्यात खाजते, गुडघ्यामागे वळी पडून तिथेच काचतं, दिवसातून दोनदा तरी बघावं लागतं. सूज एकाच पायाला तरी जोडीच घ्यावी लागते, पण ते एका अर्थी बरंय, डावा-उजवा असा फरक नाही त्यामुळे एक वाळत असला की दुसरा चढवायचा.

आणि हो, अचानक दम लागला, छातीत दुखलं तर मोजे-बिजे सोडा आणि थेट कॅज्युअल्टी गाठा, गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते.